पाकिटामागची बारीक अक्षरं



तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. श्रावण चालू होता आणि पर्युषण आठ-दहा दिवसांवर आलं होतं. नणंदेचा मुलगा परदेशातून सुट्टीवर आला होता. मामीसाठी पर्स, मामांसाठी घड्याळ आणि मुलांसाठी खाऊची भलीमोठी पिशवी. त्या पिशवीत रंगीत, मऊ गोळ्यांचं एक पाकीट होतं. संत्र्याच्या फोडीसारखा आकार, वर साखर भुरभुरलेली. मी ते उलटसुलट करून पाहिलं. मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांचा ठोकळा होता. दोन शब्द वाचले, तिसऱ्याला अडखळले आणि पाकीट पुन्हा सरळ केलं.

"व्हेज आहे ना रे?" मी विचारलं.

"हो मामी, गोड गोळ्या आहेत नुसत्या," तो म्हणाला. त्याच्या मनात काही खोट नव्हती. गोळीत मांसाहार असू शकतो हे त्याच्याही डोक्यात आलं नसेल.

सूर्यास्ताला अर्धा तास होता. माझ्या धाकटीने एक गोळी स्वतःच्या तोंडात टाकली आणि एक दादीमाच्या तोंडात भरवली. सासूबाई हसल्या. "मुरंब्यासारखी लागते गं," म्हणाल्या. मग पाणी पिऊन त्यांनी चौविहाराचे पचक्खाण घेतले.

धाकटी तेव्हा तिसरीत होती. नवीन वाचायला लागलेली मुलं दिसेल ते वाचत सुटतात. शाम्पूची बाटली, तेलाचा डबा, डहाणू रोड स्टेशनवरच्या पाट्या. दोन दिवसांनी ती पाकीट रिकामं करून मागची अक्षरं लावत बसली होती. "शुगर... ग्लुकोज सिरप... जि... जिले... मम्मी, जिलेटिन म्हणजे काय?"

"जेली घट्ट होते ना, त्याचं काहीतरी असतं," मी भाजी निवडता निवडता म्हटलं. मग मलाच राहवेना. मोबाईलवर मराठीत शोधलं. जनावरांची कातडी आणि हाडं यांच्यापासून काढतात, असं लिहिलं होतं. हातातली भेंडी हातातच राहिली.

माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. लग्न होऊन आल्यापासून रात्री पाण्याचा थेंब नाही, कंदमूळ नाही, बाहेरचं तर जवळजवळ नाहीच. आयुष्यभर जपलेला नियम, आणि त्यांच्या तोंडात ती गोळी माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर गेली. पाकीट माझ्या हातात होतं. मी ते वाचलं नाही, कारण मला ते धड वाचता येत नव्हतं. आणि वाचता येत नाही हे भाच्यासमोर कबूल करायची मला लाज वाटली.

यातली दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे, म्हणून आज लिहायला बसले.

माझं माहेर नाशिक जिल्ह्यातलं. शाळा मराठी माध्यमाची. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. महाराष्ट्रात मराठी शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. तोवर आमची शाळा संपली होती. घरात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, तिची पानं पिवळी पडलेली. पुढे लग्न ठरल्यावर भावाने रॅपिडेक्स आणून दिलं होतं. त्यातली वाक्यं मी पाठ केली. पण त्या वाक्यांतली माणसं साहेबाला भेटायची, अर्ज लिहायची, क्लबात जायची. माझ्या दिवसात साहेब नव्हता, क्लबही नव्हता. डाळ होती, दळण होतं, औषधाची चिठ्ठी होती, मुलांची डायरी होती. त्यामुळे पुस्तक संपलं तरी हाताला काही लागलं नाही.

तुमच्यापैकी अनेकींचं असंच असेल. आपण इंग्रजी शब्द दिवसभर बोलतो. गॅस, कुकर, मिक्सर, टॅब्लेट, रिचार्ज, लोकल. 2013 साली विरारची लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून तर फास्ट, स्लो, प्लॅटफॉर्म, इंडिकेटर हे आगरच्या भाजीवालीच्याही तोंडी बसले आहेत. शब्द येत नाहीत असं नाही. पण तेच शब्द छापलेले दिसले, किंवा समोरचा माणूस सलग बोलायला लागला, की आपण मान डोलावतो. न कळताच "हो, हो" म्हणतो. 2012 साली गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' आला तेव्हा त्या कॉफीच्या दुकानातल्या प्रसंगाला आपण सगळ्या रडलो होतो. श्रीदेवीच्या जागी प्रत्येकीला आपण दिसलो. पण पिक्चर संपल्यावर घरी येऊन आपण पुन्हा "हो, हो"च म्हणत राहिलो.

त्या रात्री मी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "आता सांगून काय होणार? झालं ते झालं. पर्युषण तोंडावर आहे, तिच्या जिवाला लागेल." मलाही ते पटल्यासारखं झालं. खरं तर पटवून घ्यायचंच होतं. तीन दिवस मी गप्प राहिले. पण संवत्सरीचं प्रतिक्रमण डोळ्यांसमोर यायचं. त्यानंतर मी सासूबाईंच्या पाया पडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणणार, आणि कशाबद्दल म्हणते आहे ते एकटं मलाच ठाऊक असणार. हे कसलं खमावणं?

चौथ्या दिवशी दुपारी त्यांची सामायिक झाली तशी त्यांच्यासमोर बसून सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर सांगितलंच नसतं.

त्या काही बोलल्या नाहीत. मुहपत्ती घडी करून ठेवली, आसन झटकलं. मग विचारलं, "पाकिटावर लिहिलं होतं?"

"हो मम्मी."

"मग तू वाचलं का नाहीस?"

"बारीक होतं... इंग्रजीत होतं."

"मला वाचता येत नाही हे मी कोणाला पण सांगते," त्या म्हणाल्या. "तू सांगत नाहीस."

रागावल्या नव्हत्या. पण ते वाक्य माझ्या आरपार गेलं. सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या आहेत. देवनागरी वाचतात, रोज स्तोत्रं वाचतात. बँकेत, दवाखान्यात, स्टेशनवर कुठेही त्या बिनदिक्कत म्हणतात, "बेटा, हे काय लिहिलंय ते वाचून दाखव." मी बारावी झालेली. मी ते कधीच म्हणत नाही.

त्या वर्षी आमच्या भागात महासतीजींचा चातुर्मास होता. दुसऱ्या दिवशी सासूबाई स्थानकात जाऊन आलोचना करून आल्या. प्रायश्चित्त काय मिळालं ते त्यांनी घरात सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आल्यावर मात्र मला म्हणाल्या, "तो शब्द मला मोठ्या अक्षरात लिहून दे."

मी वहीच्या पानावर स्केचपेनने जिलेटिन इंग्रजीत लिहिलं आणि खाली देवनागरीत. त्यांनी ते पान स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. एबीसीडी न शिकताच त्यांनी त्या शब्दाचं चित्र डोळ्यांत साठवलं, रांगोळीचे ठिपके साठवावे तसं.

त्याच आठवड्यात महासतीजी गोचरीला आमच्याकडे आल्या होत्या. मैत्रिणींनो, गोचरी आपण किती वर्षांपासून बघतोय! पण त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट ऐकलं. दारातून आत येताना त्या खाली बघतात. पातेलं कच्च्या पाण्याला लागलं आहे का, वस्तू कधी केली, कोणासाठी केली, काय घातलं आहे, सगळं विचारतात. बेचाळीस दोष टाळून गोचरी घ्यायची म्हणजे विचारावंच लागतं. कोणाला संकोच नाही. देणाऱ्याला राग नाही, घेणाऱ्याला लाज नाही. पाच समित्यांमध्ये एषणा समिती आहे ती हीच. साधू-साध्वींसाठी ती महाव्रताइतकी कडक, पण आपल्या घरातली यतना तरी दुसरं काय आहे? पीठ चाळणं, पाणी गाळणं, भाजी निवडणं हे आपण आईकडून शिकलो. आता निम्मं सामान पाकिटातून येतं. तिथे चाळणी म्हणजे मागची बारीक अक्षरं. ती वाचायला शिकणं हा त्याच यतनेचा भाग आहे, असं मला त्या दिवशी वाटलं. इंग्रजीकडे मी तोवर कधी तसं बघितलंच नव्हतं. ती मोठ्या लोकांची, रुबाबाची भाषा होती.

मग आम्ही सुरुवात केली. रोज एक पाकीट, एक शब्द. सामान रिकामं केलं की पिशवी टाकायची नाही, धुऊन-पुसून दोऱ्याला अडकवायची. महिनाभरात आमच्या ओट्याच्या बाजूला पाकिटांचं तोरण झालं.

आमच्या आगरपासून कोसबाडची टेकडी लांब नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं आणि 1957 साली ते कोसबाडला नेलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. पानं, बिया, शंख-शिंपले हेच तिथलं शिकायचं साहित्य. या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले असेन, पण रिकाम्या पाकिटांच्या तोरणाखाली उभी राहिल्यावर मला त्या पद्धतीतलं शहाणपण कळलं. रॅपिडेक्समधला क्लब माझ्या लक्षात राहिला नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचा शब्द राहिला, कारण तो पुडा माझ्या हातातला होता. अनुताई लहानपणीच विधवा झाल्या, रात्रशाळेत शिकल्या आणि पन्नाशी ओलांडल्यावर बी.ए. झाल्या. तेव्हा "आता या वयात काय?" हे आपण डहाणूत राहून तरी म्हणू नये.

आता जे शिकले ते तुमच्यासाठी लिहिते. हवं तर वहीत उतरवून घ्या.

पहिली गोष्ट हिरव्या ठिपक्याची. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर शाकाहारासाठी हिरव्या चौकटीत हिरवा गोल असतो. मांसाहारासाठी पूर्वी तपकिरी गोल होता, आता तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. हिरवा ठिपका म्हणजे मांस, मासे, अंडं नाही. पण तो 'जैन' ठिपका नाही, हे लक्षात ठेवा. कांदा, लसूण, बटाटा असलेल्या वस्तूवरही तो असतोच. मधसुद्धा त्या नियमात शाकाहारातच धरलं जातं, आणि आपल्याकडे मध महाविगयात आहे. म्हणून ठिपका बघून थांबायचं नाही, मागे वळून वाचायचं. आणि कोणी परदेशातून बॅगेत घालून आणलेल्या वस्तूवर हा ठिपका बहुधा नसतोच. तिथे तर अक्षर अन् अक्षर वाचायचं.

दुसरी गोष्ट, इन्ग्रेडिएन्ट्स हा शब्द शोधायचा. म्हणजे घटक, आत काय काय घातलंय ते. त्याखाली जी वस्तू सगळ्यांत जास्त ती आधी आणि सगळ्यांत कमी ती शेवटी, असा क्रम असतो. शेवटी-शेवटी असलेल्या शब्दांमध्येच आपली अडचण लपलेली असते.

शब्द असे. एग म्हणजे अंडं हे सगळ्यांना माहीत, पण एग अल्ब्युमिन म्हणजेही अंड्यातला पांढरा भागच. लार्ड म्हणजे डुकराची चरबी आणि टॅलो म्हणजे गुरांची, मेंढ्यांची चरबी. रेनेट चीज घट्ट करायला वापरतात, ते मुळात वासराच्या जठरातून काढत. मायक्रोबियल रेनेट लिहिलं असेल तर ते जनावराचं नाही. कार्माइन किंवा कोचिनियल म्हणजे किड्यांपासून केलेला लाल रंग, त्याचा नंबर 120. शेलॅक म्हणजे लाख, किड्याचीच, नंबर 904. गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणायला लावतात. 471 हा नंबर बिस्किट-ब्रेडवर फार दिसतो. तो वनस्पतीपासूनही होतो आणि जनावरापासूनही. हिरवा ठिपका असेल तर वनस्पतीचा समजायचा, ठिपका नसेल तर सोडून द्यायचं.

कंदमुळांचे शब्द वेगळे. अनियन, गार्लिक, पोटॅटो हे ओळखीचे. पण पोटॅटो स्टार्च म्हणजेही बटाटाच. यॅम म्हणजे सुरण, रॅडिश म्हणजे मुळा. टॅपिओका म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो. ज्या घरी साबुदाणा चालत नाही तिथे टॅपिओका स्टार्चही चालणार नाही. यीस्ट म्हणजे पाव फुगवायचं खमीर. हनी म्हणजे मध. ज्यांना लोण्याचा त्याग आहे त्यांनी बटर हा शब्द बघावा.

बेस्ट बिफोर आणि यूज बाय यांत फरक आहे. बेस्ट बिफोर म्हणजे त्या तारखेपर्यंत चव, कुरकुरीतपणा उत्तम राहतो. यूज बाय म्हणजे त्यानंतर खाऊच नये. हे वाचून सासूबाई हसल्या. "यात नवीन काय? पक्वान्नाचा काळ चातुर्मासात पंधरा दिवस, उन्हाळ्यात वीस, थंडीत तीस. पुडक्यावर छापायच्या आधीपासून आपण पाळतोय." खरंच की! भाषा परकी असली तरी बऱ्याचदा गोष्ट आपलीच असते.

एक गंमतही सांगते. आमच्याकडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, डहाणू-घोलवड चिकू या नावाने. एकदा चिकूच्या चिप्सच्या पाकिटावर सपोटा हा शब्द दिसला आणि मी घाबरून पाकीट बाजूला ठेवलं. काय असेल कोण जाणे! संध्याकाळी कळलं, सपोटा म्हणजे आपला चिकूच. दारात झाड, आणि मी त्यालाच घाबरले होते. तेव्हापासून ठरवलं, घाबरायच्या आधी विचारायचं.

विचारण्यावरून आठवलं. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या ताईंची मुलगी तेव्हा आठवीत होती. सुट्टीत आईबरोबर यायची. एका दुपारी मी आणि शेजारच्या दोघी इमल्सिफायर या शब्दाशी झटत होतो. ती दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी हळूच म्हणाली, "मामी, तुकडे पाडून वाचा ना. शाळेत तसंच शिकवतात." आणि तिने बोट ठेवून चार तुकड्यांत वाचून दाखवलं. तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारी वस्तू, हा अर्थही तिलाच ठाऊक होता. आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. ज्या घरात आपण अजूनही कोणाला कुठपर्यंत येऊ द्यायचं याचा विचार करतो, त्या घरात ज्ञान त्याच दारातून आत आलं. त्या सुट्टीत ती आमच्यात सतरंजीवर बसायची, माझ्या शेजारी. दर ज्ञानपंचमीला आपण पोथीला वंदन करतो. ज्याच्याकडून अक्षर शिकलो त्यालाही वंदन असतं, हे मी त्या वर्षी शिकले.

पाकिटानंतर बोलण्याची पाळी आली. सासूबाईंना मागच्या वर्षी मुंबईला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर दक्षिणेकडचे, मराठी त्यांना येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. पूर्वी अशा वेळी मी यांच्या मागे उभी राहायचे. पण हे गाडी लावायला गेले होते आणि डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, "डॉक्टर, शी डझ नॉट ईट ऑर ड्रिंक आफ्टर सनसेट. नॉट इव्हन वॉटर." डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली आणि दोन-तीन प्रश्न विचारले. मग रात्रीची एक गोळी संध्याकाळी पाचला घेतली तरी चालेल असं सांगून चिठ्ठी बदलली. माझं व्याकरण बरोबर होतं की चूक, ते मला माहीत नाही. पण सासूबाईंचं चौविहार आणि औषध दोन्ही टिकलं.

चिठ्ठीवरची अक्षरंही शिकून ठेवा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तर. ही मुळात लॅटिन आहेत, म्हणजे इंग्रजी शिकलेल्यांनाही ती वेगळी शिकावीच लागतात! एचएस दिसलं की तिथेच विचारायचं. आपल्या मनाने वेळ बदलायची नाही, गोळी चुकवायचीही नाही. आणि कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, तेव्हा पर्याय विचारायचा.

माझ्या वहीतली ही काही वाक्यं. देवनागरीतच पाठ करा, काही बिघडत नाही.

डझ इट हॅव एग ऑर जिलेटिन? यात अंडं किंवा जिलेटिन आहे का?

नो अनियन, नो गार्लिक, नो पोटॅटो, प्लीज. कांदा, लसूण, बटाटा नको.

इज देअर अ टॅब्लेट ऑर सिरप इन्स्टेड ऑफ धिस कॅप्सूल? या कॅप्सूलऐवजी गोळी किंवा सिरप आहे का?

कॅन शी टेक इट बिफोर सनसेट? सूर्यास्ताआधी घेतलं तर चालेल का?

प्लीज स्पीक स्लोली. जरा सावकाश बोला.

आय डिड नॉट अंडरस्टँड. मला समजलं नाही.

विमानाने जाणार असाल तर तिकिटाच्या वेळीच जैन जेवण सांगून ठेवायचं. त्याची खूण व्हीजेएमएल अशी असते. आयत्या वेळी मिळत नाही.

या सगळ्यांत माझ्या मते शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं. "मला समजलं नाही." मराठीत म्हणायलाही जीभ जड होते, इंग्रजीत तर होतेच. त्या श्रावणात मी भाच्याला एवढं एक वाक्य म्हणू शकले असते तर ती गोळी सासूबाईंच्या तोंडात गेली नसती.

रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे 1910 सालचं पुस्तक तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. 1873 साली अकराव्या वर्षी त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आल्या. नवऱ्याने शिकवायला घेतलं, पुढे इंग्रजीही शिकल्या, आणि त्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी त्यांनी वर्षानुवर्षं सोसली. माझं नशीब असं की मला सासूबाईंनीच बसवलं. आपल्यापैकी ज्या आता सासवा झाल्या आहेत त्यांना एवढंच सांगते. सून अडखळत इंग्रजी वाचायला लागली तर हसू नका. आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवंडांना, आईच्या उच्चाराला हसू देऊ नका. माझी मोठी एकदा मैत्रिणींसमोर मला हसली होती. त्यानंतर मी सहा महिने तिच्या शाळेत गेले नाही. ती लाज फार खोल जाते आणि मग नको त्या ठिकाणी आपलं तोंड बंद करते.

उलट बाजूही आहे. इंग्रजी आलं म्हणून मराठी हलकी होत नाही. भगवान महावीरांनी देशना दिली ती लोकांच्या अर्धमागधीत, सगळ्यांना समजावी म्हणून. आमच्या घरी जेवताना मराठी-मारवाडीच चालते. मुलीने धक्का लागल्यावर "सॉरी" म्हटलं तर मी अडवत नाही, पण संवत्सरीला मात्र "मिच्छामि दुक्कडम्"च. सॉरी जाता-येता म्हणता येतं. मिच्छामि दुक्कडम् म्हणण्याआधी काय चुकलं ते आठवावं लागतं.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी सामान आणायला डहाणूत गेलो होतो. दुकानदाराने मुलांसाठी नवीन आलेल्या गोळ्यांचं एक पाकीट पुढे केलं, बाहेरून आलेला माल होता. मी चष्मा शोधत होते. सासूबाईंनी पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं आणि बोट ठेवलं. "हा तो शब्द आहे ना गं? आपल्या कपाटावरचा?"

तोच होता. ठिपक्यापाशी तपकिरी त्रिकोणही होता, पण त्यांनी आधी शब्द ओळखला. दुकानदार म्हणाला, "माँजी, तुम्हाला इंग्रजी येतं?"

"नाही," त्या म्हणाल्या. "एकच शब्द येतो." आणि पाकीट परत दिलं.

कपाटाच्या दारावर आता चाळीसेक शब्द आहेत. त्यातले सासूबाईंना सात ओळखता येतात. तुमच्याही घरी असं एखादं दार असेल. आज एक रिकामं पाकीट टाकू नका, त्यावरचा एक शब्द लिहून लावा. अडलं तर मुलीला विचारा, सुनेला विचारा, कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीला विचारा.

लिहिताना जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.